ह्येच्यार काय चिकटूचा नाय: एका प्लॅस्टिक कयाकच्या प्रकल्प नोंदी

१८ मे २०२५

कयाक आज घरी आली. देवबागच्या बाजूच्या एका होमस्टेवाल्याला ती काढून टाकायची होती. दोन माणसांची छोटी होडी, वर बसून वल्हवायची जात. आत पाय घालून बसायची जागा नाही, सगळं अंग बंद आणि पोकळ. लांबी पावणेचार मीटर. कोरडी असती तर ३५ किलोच्या आत भरली असती, पण टेम्पोतून उतरवायला चौघे लागले, कारण तिच्या पोटात कर्ली खाडीचं पाणी होतं.

वरवर दिसतंय ते असं: बसायची बाजू मूळची नारंगी, आता विटकी गुलाबी. हात फिरवला की बोटांना पांढुरकी भुकटी लागते. तळाला शेवाळ आणि बार्नेकल (होडीला चिकटून बसणारे कवचाचे बारीक समुद्री प्राणी), म्हणजे या हंगामात रोज उचलायचा कंटाळा करून ती खाडीतच बांधून ठेवत होते. मागच्या टोकाखालचं प्लॅस्टिक वाळूत ओढून ओढून झिजलंय. तळाला परातीएवढा पोचा. मागचं हँडल नाही. पोटात हात घालायच्या झाकणाचं रबर कडक झालेलं.

शेजारचे आबा लगेच बघायला आले. आयुष्यभर होड्या केलेला माणूस, आधी लाकडाच्या, मग फायबरच्या. दोन्ही बाजूंनी फिरून, टिचक्या मारून म्हणाले, "फायबर मारून घे रे, नवी होतली." आबांचं ऐकायची सवय आहे, पण हे काही ऐकता येणार नाही. कारण ही फायबरची नाही.

२० मे

आबांच्या सल्ल्यावर थोडं लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं काम यावरच ठरणार आहे.

मालवणच्या बंदरात दिसणारी फायबरची होडी म्हणजे काचतंतूंची चटई आणि पॉलिएस्टर रेझिन यांचे थर, आणि वरून जेलकोटची चकचकीत साल. साल निस्तेज झाली की कंपाउंड लावून घासायची, वॅक्स लावायचं. तडा गेला की घासून नवी चटई, नवं रेझिन. जुन्याला नवं घट्ट धरतं.

ही कयाक पॉलिथिलीनची. धातूच्या साच्यात प्लॅस्टिकची पूड भरतात, साचा भट्टीत दोन दिशांनी फिरवत ठेवतात, पूड वितळून आतून सगळीकडे सारखी बसते, आणि थंड होईपर्यंत साचा फिरतच राहतो. आपल्या छतावरची पाण्याची टाकी अशीच बनते. म्हणून हिला सांधा नाही, थर नाहीत, साल नाही. रंग प्लॅस्टिकच्या अंगातच मुरलेला. वॅक्स लावून चमकवावं असं वर काहीच नाही. आणि पॉलिथिलीनचा स्वभाव असा की त्यावर रंग, रेझिन, फेव्हिक्विक, सिलिकॉन यांपैकी काहीच धड टिकत नाही.

थोडक्यात, फायबरच्या होडीचं सगळं शहाणपण इथे बाजूला ठेवायचं आणि टाकीचं शहाणपण वापरायचं.

२१ मे

यंदा पाऊस मेमध्येच कोसळतोय. त्यामुळे गोड्या पाण्याचा प्रश्न सुटला. तळाचं बूच काढून, पुढचं टोक उंच करून पोटातलं पाणी सोडलं. बराच वेळ वाहत होतं. शेवटी शेवटी वाळू, शिंपल्यांचा चुरा आणि एक मेलेला खेकडा.

धुवायला भांडी घासायचा साबण, कोमट पाणी आणि नायलॉनचा ब्रश. तारेचा ब्रश आणि काथ्या दोन्ही हद्दपार. पॉलिथिलीन मऊ असतं, त्यावर ओरखडा उठला की तो पॉलिश करून जात नाही, आणि पुढच्या वेळी शेवाळ नेमकं त्याच ओरखड्यात धरतं. खोलगट जागांत काळी बुरशी होती. तिला घरातलंच ब्लीच भरपूर पाण्यात मिसळून लावलं, थोडा वेळ ठेवलं आणि धुऊन टाकलं. ब्लीच आणि लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर यांची गाठ पडू द्यायची नाही, विषारी वायू सुटतो. म्हणून ॲसिडचं काम वेगळ्या दिवशी.

पुढच्या टोकाला डांबराचे डाग. पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्याला डांबराच्या गोळ्या लागतात, त्यातलीच एखादी. इथे सगळ्यांचा हात आधी रॉकेल किंवा पेट्रोलकडे जातो. डाग जातो हे खरं, पण पॉलिथिलीन असं तेल पोटात शोषून घेतं आणि फुगतं. खोबरेल तेल चोळलं, डाग सैल झाला, फडक्याने पुसून साबणाने धुतलं. वास मात्र दोन्हींचा मिळून विचित्र.

२३ मे

बार्नेकल. आदल्या रात्री तळावर ओलं गोणपाट टाकून ठेवलं होतं. सकाळी बोथट प्लॅस्टिकच्या पट्टीने आडवा जोर दिला की टपटप निघत होते. आबांच्या मते लाकडावरून ते असे कधीच निघत नाहीत, लाकडाचा टवका घेऊन येतात. इथे प्लॅस्टिकचा निसरडा स्वभाव पहिल्यांदा माझ्या बाजूने वागला.

तरी प्रत्येकाच्या जागी पांढरी गोल चकती राहतेच. ती त्या प्राण्याची बैठक, चुन्याची. त्याचं पिल्लू पाण्यात पोहत जागा शोधतं, पसंत पडली की डोकं टेकवून स्वतःच्या अंगातल्या सिमेंटने कायमचं चिकटतं. ज्यावर माणसाचा गोंद टिकत नाही तिथे याचा टिकतो. बादलीत मूठभर लिंबूसत्त्व विरघळवून फडकी भिजवली आणि चकत्यांवर टाकून ठेवली. बारीक बुडबुडे येतात, चुना विरघळतो, उरलेलं ब्रशने जातं. पॉलिथिलीनला या आंबटाचं काही वाटत नाही. स्क्रू आणि पितळी भाग मात्र लगेच गोड्या पाण्याने धुवायचे.

डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं बार्नेकलवर काढली. मला एक सकाळ पुरे झाली.

१ जून

आजपासून मासेमारी बंद. आबा मोकळे, त्यामुळे माझ्या मांगरात, म्हणजे घराबाजूच्या शेडमध्ये, दिवसभर मुक्काम.

गळती शोधली. पोटात पाणी कुठून शिरतं हे बाहेरून बघून कळत नाही. झाकण आणि इतर भोकं चिकटपट्टीने बंद केली, तळाच्या बुचाच्या जागी हवेच्या गादीचा पंप लावला आणि अंगभर साबणाचं पाणी फिरवलं. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर आणूया असं आबा म्हणत होते. नको. एवढ्या मोठ्या पोकळ अंगाला थोडासा दाबही मोठा होतो, टाके उसवावेत तशी फुटेल.

बुडबुडे आले ती ठिकाणं:
पाणी निचरायच्या मागच्या भोकाची कड. मोठी गळती हीच.
तुटलेल्या हँडलचे रिव्हेट.
झाकणाची रिंग, सगळीकडून.
झिजलेलं मागचं टोक अजून गळत नाही, पण तिथे नखाने दाबलं तर दबतं.

निचऱ्याच्या भोकांबद्दल थोडं. या जातीच्या कयाकमध्ये वरच्या पाटापासून तळापर्यंत आरपार नळ्या असतात. वर आलेलं पाणी त्यातून खाली जातं, पोटात शिरत नाही. पण या नळ्याच वरचं आणि खालचं अंग एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे सगळा ताण तिथे येतो. त्यात पर्यटकांच्या धंद्यात कयाक चाकांच्या गाड्यावर नेतात आणि त्या गाड्याचे दांडे याच भोकांत घालतात. वजन, वाळू, खडबडीत रस्ता. नळीच्या तोंडाशी तडा जातो तो असा. जुनी कयाक बघायला गेलात तर आधी बोट या भोकात घालून कड चाचपायची, रंग नंतर बघायचा.

८ जून

वितळवून जोडता येईल का, हे आधी बघायला हवं होतं. काही कयाकचं पॉलिथिलीन साच्यातच आतल्या आत साखळ्या बांधून घट्ट केलेलं असतं. ते पुन्हा वितळत नाही, नुसतं मऊ पडतं आणि मग करपतं. त्याला जोड बसतच नाही.

झाकणाच्या आतल्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, तापवलेला खिळा टेकवला. प्लॅस्टिक वितळून खिळ्याबरोबर तार ओढली गेली, आणि विझलेल्या मेणबत्तीचा वास आला. म्हणजे साधं पॉलिथिलीन. जोडता येईल.

आबांसाठी वेगळा प्रयोग: फुटक्या टाकीचा एक तुकडा घेतला, त्यांच्याच हाताने त्यावर चटई आणि रेझिन बसवलं. दोन दिवस सुकू दे म्हणाले.

१० जून

आबांनी स्वतः नखाने कड उचलली आणि अख्खा थर पापडासारखा हातात आला. काही बोलले नाहीत. तुकडा खिशात घालून घेऊन गेले, बहुतेक कुणाला तरी दाखवायला.

१५ जून

कुडाळहून टाकी दुरुस्तीवाला आला. फोनवर कयाक म्हटल्यावर त्याला कळेना, "टाकीच, फक्त लांबट" म्हटल्यावर आला. कयाक उलटी घातलेली बघून त्याने आधी नखाने खरवडलं, वास घेतला आणि आबांकडे बघत म्हणाला, "ह्येच्यार काय चिकटूचा नाय. वितळवून जोडूक व्हया." आबांनी मान हलवली, जणू हे मत मुळात त्यांचंच.

त्याची पद्धत सविस्तर लिहितो, कारण काम याच्या बारकाव्यातच आहे.

तड्याच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोक पाडलं, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. मग तड्याच्या कडा सुरीने इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तासल्या. त्याहून महत्त्वाचं, आजूबाजूचं दोन बोटं रुंद प्लॅस्टिक खरवडून काढलं, आतला खरा नारंगी रंग दिसेपर्यंत. उन्हाने जळालेली वरची पातळ पापडी वितळली तरी सांधत नाही, आणि बहुतेक जोड सुटतात ते ती तशीच राहिल्यामुळे.

जोडायला त्याच्याकडे टाकीच्याच पॉलिथिलीनच्या पट्ट्या. बादल्या-खुर्च्यांचं प्लॅस्टिक बहुधा पॉलिप्रॉपिलीन असतं, ते याच्याशी एकजीव होत नाही. तरी आधी कोपऱ्यात एक ठिपका लावून, थंड झाल्यावर पकडीने उपटून बघितला. ठिपक्याबरोबर खालचं प्लॅस्टिकही ताणलं गेलं. मग पुढे.

गरम हवेची बंदूक. पट्टी आणि खालचं अंग दोन्ही एकाच वेळी ओलसर, काचेसारखं चमकू लागलं पाहिजे. नुसती पट्टी वितळवून वर ओतली तर ते लिंपण होतं, जोड नाही. धूर दिसला किंवा कड तपकिरी झाली तर बंदूक लांब न्यायची. तो बंदूक सतत हलवत होता, एका जागी क्षणभरही नाही. भोकाच्या नळीत तोंड खुपसून काम करायला जागा नव्हती, म्हणून चमच्याची मागची बाजू तापवून आतून दाबत गेला. शेवटी मी पाण्याचा मग पुढे केला तर त्याने हात धरला. एकदम थंड केलं की जोड आखडतो आणि कडेला ताण राहतो. आपोआप निवू द्यायचं.

झिजलेल्या मागच्या टोकावर त्याने तळहाताएवढी जाड पट्टी वितळवून बसवली. काळी. नारंगीवर काळं ठिगळ चांगलंच उठून दिसतं, मला आवडलं.

जोड मूळ प्लॅस्टिकएवढा मजबूत होत नाही, हे त्याने पैसे घेण्याआधी सांगितलं.

६ जुलै

पोचा. पाऊस थांबत नाही, ऊन नाही. ऊन असतं तर निम्मं काम त्यानेच केलं असतं. कयाक तळ वर करून उन्हात ठेवली की पॉलिथिलीन मूळ आकाराकडे परत जाऊ बघतं.

चुलीवर पाण्याचं पातेलं. पोच्यावर जाड टॉवेल, त्यावर उकळतं पाणी पुन्हा पुन्हा. पाण्याचा फायदा असा की ते १०० अंशांच्या वर जातच नाही आणि पॉलिथिलीन वितळायला १२० च्या वर लागतं, त्यामुळे बिघडायची भीती नाही. गरम हवेच्या बंदुकीने हेच करायला गेलं तर अंदाज चुकला की भोक. झाकणातून हात घालून बांबूचा टेकू लावला, वर लाकडी फळीचा तुकडा, म्हणजे दाब एका बिंदूवर येत नाही. टेकू रात्रभर तसाच.

७ जुलै

परातीची बशी झाली. राहू दे. पाण्यात फरक पडणार नाही.

पोचे पडतात कशाने, तर ठेवण्याने. एका दगडावर किंवा दोन अरुंद ओंडक्यांवर कयाक उन्हात ठेवली की ती स्वतःच्याच वजनाने तिथे बसते. मांगरात वाशांना रुंद पट्टे बांधले, लांबीच्या साधारण पाव भागावर एक पुढे, एक मागे, आणि ती कुशीवर निजवली. बूच उघडं ठेवलंय. आतली हवा तापून फुगली तर बाहेर जायला वाट हवी.

२७ जुलै

लोखंडकाम. रिव्हेट ड्रिलने काढले. ॲल्युमिनिअमचे होते आणि त्यांना चिकटून स्टीलचे वायसर. खाऱ्या हवेत या दोघांचं जमत नाही, ॲल्युमिनिअमची पांढरी पूड झालेली. हात पोचतो तिथे आता ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आणि नायलॉन-नट. ३०४ जातीच्या स्टीलला इथे एका हंगामात तांबूस डाग येतात.

बोल्टखाली सिलिकॉन भरायचं नाही. ते स्टीलला धरतं, प्लॅस्टिकला धरत नाही, आणि पाणी मधून जातं. सायकलच्या ट्यूबचे मोठे वायसर कापले आणि आवळले. इथे चिकटवून नाही, दाबून अडवायचं. आवळायचंही बेताने.

दोर, इलॅस्टिक सगळं नवीन. वल्ह्याचा मधला सांधा वाळूने धरला होता, कोमट पाण्यात ठेवून सोडवला. तिथे ग्रीस लावायचं नाही, वाळू त्यातच बसते.

१० ऑगस्ट

नारळी पौर्णिमा होऊन गेली, नारळ समुद्राला गेला, आता सगळ्यांना घाई. येणारा जाणारा प्रत्येक जण विचारतो, रंग कधी मारणार?

रंग मारणार नाही. चिकटणार नाही हे एक कारण. दुसरं असं की पॉलिथिलीन उष्णतेने फार वाढतं. सावलीतून भर उन्हात आणली, तीसेक अंशांचा फरक पडला, तर पावणेचार मीटरची ही कयाक एक सेंटिमीटरहून जास्त लांब होते. रात्री परत आखूड. वरचा कडक थर त्या मागे धावूच शकत नाही, तडकतो.

हिचं वाटोळं खाऱ्या पाण्याने केलेलं नाही. मीठ पॉलिथिलीनला काही करत नाही. हिला खाल्लंय उन्हाने. अतिनील किरण प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तोडतात, वरचा भाग ठिसूळ होतो, भुकटी सुटते आणि मग एक दिवस किरकोळ आपटण्याने तडा जातो. बनवतानाच त्यात ऊन सोसणारं द्रव्य घालतात, पण ते हळूहळू संपतं. शेतातल्या काळ्या पाइपात वजनाच्या सुमारे अडीच टक्के काजळी असते ती यासाठीच, आणि छतावरच्या टाक्या काळ्या का, तेही याच कारणाने. काळी कयाक मात्र कुणी विकत घेणार नाही, आणि उन्हात तिच्यावर बसवणारही नाही.

तेव्हा बुरशी, डाग, चमक हे सगळं दुय्यम. सावली हीच देखभाल. ३०३ एरोस्पेस प्रोटेक्टंट नावाचं पाण्यासारखं द्रव्य कयाकवाले लावतात, मीही मागवलं, कोरड्या अंगावर फवारून पुसलं. रंग थोडा खुलला. पण ते काही आठवड्यांनी पुन्हा लावावं लागतं, आणि त्याच्या भरवशावर कयाक उन्हात ठेवायची नाही. गाडीच्या डॅशबोर्डचं सिलिकॉन पॉलिश बसायच्या जागेवर लावू नये, पाण्यात उतरायच्या आधीच माणूस घसरून पाण्यात.

झाकायला निळी ताडपत्री घेतली नाही. तीही पॉलिथिलीनचीच, उन्हात तिचेही धागे सुटतात आणि तुकडे खाडीत जातात. वर झावळ्यांची झापं टाकली. फक्त माडाखाली नाही. नारळ पडला तर बशीची परत परात.

३० ऑगस्ट

घरात गणपती. मुंबईहून आलेल्या पुतण्यांनी कयाक आजच पाण्यात घालायचा हट्ट धरला. खाडीला अजून पावसाचं गढूळ पाणी आहे आणि ओढ आहे. नाही म्हणून सांगितलं.

निचऱ्याच्या दोन भोकांत कुंभारीण माशीने मातीची घरं केलीत. मांगरात ठेवणार असाल तर भोकांत चिंध्या कोंबा. उंदरांनी आतल्या फोमला अजून तोंड लावलेलं नाही. झाकण बंद केलं तर दमटपणा, उघडं ठेवलं तर उंदीर. मच्छरदाणीचा तुकडा बांधलाय.

२३ सप्टेंबर

अमावास्येचं उधाण, पाणी चांगलं वर आलं होतं. भरती पूर्ण होऊन पाणी थांबल्यावर उतरवली, म्हणजे ओढ नाही. मी आणि मोठा पुतण्या, दोघांना लाइफ जॅकेट. काठाकाठानेच, तिवरांच्या बाजूने. किनाऱ्यापर्यंत ओढत नेली नाही, दोन्ही टोकांना धरून उचलून नेली. त्या काळ्या ठिगळाला वाळू दाखवायची नाही असं ठरवलंय.

सरळ जाते. पोच्याचा काही परिणाम नाही.

बाहेर काढून बूच उघडलं. पेलाभर पाणी निघालं. जोडाकडून की झाकणाकडून, हे ठरवायला भोकाची कड आतून टिशू कागदाने पुसली, कागद कोरडा. झाकणाच्या रिंगखाली पुसलं तर ओला. म्हणजे टाकीवाल्याचं काम टिकलं, माझं रबर नाही.

गोड्या पाण्याने वरून, खालून आणि भोकांतून धुतली. बोल्ट आणि वल्ह्याचा सांधा वेगळे धुतले. बूच उघडं, कुशीवर, पट्ट्यांत.

२८ सप्टेंबर

झाकणाच्या मापाची रिंग मिळत नाही. आबांनी मिक्सरच्या भांड्याची रबर रिंग आणून दिली, आणि मापाला ती सव्वा इंच कमी आहे हे दिसत असूनही ताणून बसवून दाखवली. सध्या दरवाजाच्या फटीला लावतात ती पोकळ रबरपट्टी कापून, टोकं तिरकी जुळवून बसवलीय. पट्टीला पाठीमागे गोंद होता, तो अर्थातच सुटला. झाकणाच्या खाचेत दाबून बसते तेवढं पुरतं का, ते पुढच्या उधाणाला बघायचं.